ताशानं खाल्लेला अ

महिपत डोर्लेकराचा देवावर विश्वास होता, देवाच्या पुजाऱ्यावर नव्हता. देवळात नारळ वाढवला की परत मिळालेली कवड तो बोटांनी चाचपून बघायचा. आपल्याच नारळाची आहे की कालची कुणाची तरी हातात दिली, याची खात्री झाल्याशिवाय पायरी उतरायचा नाही. बांगडा घेताना कल्ल्यात अंगठा घालायचा, वास घ्यायचा, आणि मासळीवालीनं आकाशातल्या बापाची शपथ घेतली तरी म्हणायचा, "बर्फातला हाय." गोळ्यांचं पाकीट आणलं की दुकानाच्या फळीवरच मोजायला घ्यायचा.

डोळे गेल्यामुळे माणूस असा झाला, असं परक्या लोकांना वाटायचं. गावाला तसं वाटत नव्हतं. डोळे धडधाकट होते तेव्हाही तो असाच होता. काचबिंदूनं पाच वर्षांपूर्वी दोन्ही डोळे नेले, तेव्हा त्याच्या संशयाला काम तेवढं वाढलं. "जित्याची खोड," एवढंच गंगा म्हणायची. म्हणीचा पुढचा भाग नवऱ्यासमोर बोलू नये इतपत तिला कळत होतं.

रत्नागिरीहून आरे-वारेच्या रस्त्यानं निघालं की मध्येच एक वाट खाली दर्याकडे उतरते, तिथं कातळबंदर. पन्नासेक घरं, एक धक्का, धक्क्याला लागून मच्छीमार सोसायटीची कौलारू कचेरी. महिपत इथला तांडेल. सव्वीस वर्षं त्यानं 'मथुरा' नावाची बोट चालवली, आईच्या नावाची. तिचं इंजिन ठुक-ठुक चालता चालता मध्येच एक ठोका गिळायचं. मिस्त्री थकले, पण ती खोड गेली नाही. त्यामुळे धुक्यातसुद्धा 'मथुरा' येतेय हे बायकांना घरात बसून कळायचं.

त्याच्या कानांबद्दल मात्र बंदरावर दुमत नव्हतं. तरुणपणी तो वल्हं पाण्यात उभं धरून दांड्याला कान लावायचा. खाली ढोम्याची झुंड असली की त्या माशांचं घुमणं दांड्यातून वर येतं. लाटा, वारा, खलाशांची बडबड, एवढ्या गोंगाटाखालून तो ते घुमणं वेचून काढायचा आणि हातानं दिशा दाखवायचा. बाकी बोटी अंदाजानं जाळी टाकायच्या. महिपत ऐकून टाकायचा.

डोळे गेल्यावर बोट विकली, पण हात रिकामे राहिले नाहीत. पडवीत बसून तो अख्ख्या बंदराची फाटकी जाळी शिवायचा. भोक कुठं आहे ते बोटांना कळायचं, आणि गाठ अशी बसायची की जाळं फाटेल पण गाठ सुटणार नाही. सोसायटीच्या सभासद यादीत त्याचा नंबर सात. बाप धाकू डोर्लेकर सोसायटी काढणाऱ्यांपैकी एक, त्याच्यामागे तो सात नंबर महिपतकडे आला. बोट गेली, डोळे गेले, सात नंबर तेवढा राहिला होता. वार्षिक सभेला पहिल्या रांगेत बसून हात वर करायचा आणि प्रत्येक ठरावाला "ह्यात काय तरी काळंबेरं हाय" म्हणायचं, हा त्याचा वर्षाचा सण होता.

फोनही त्याच्याकडे होता. पुतणी सानिका रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ वेबसाइट बनवणाऱ्या एका दुकानात कामाला, तिनं फोनमध्ये बोलणारी सोय सुरू करून दिली होती. पडद्यावर बोट फिरवलं की जे बोटाखाली येईल ते एक बाईचा आवाज वाचून दाखवायचा. महिपत तिला नुसतं 'बाई' म्हणे. दुसऱ्या कुणाला कळू नये म्हणून त्यानं बाईचा वेग इतका वाढवून ठेवला होता की गंगाला ते रातकिड्यासारखं ऐकू यायचं. "माझ्याशी बोलायला तुमाला शब्द नाय, नि हिच्याशी दिवसभर किरकिर," गंगा म्हणायची. महिपत मनातून सुखावायचा. घरात निदान एक तरी बाई अशी होती जी लिहिलेलं तसंच्या तसं सांगायची.

त्या वर्षी पाऊस सरला, बोटी पुन्हा दर्यात गेल्या आणि सोसायटीची वेबसाइट निघाली. चेअरमन विनोदनं फोनवर सगळ्यांना दुवा पाठवला. सोबत दोन ओळी: सभासद यादी साइटवर आहे, हरकत असल्यास शुक्रवारी पाचपर्यंत लेखी द्यावी, रविवारी वार्षिक सभा.

आता हा विनोद कोण, ते सांगायला हवं. बारा वर्षांपूर्वी तो 'मथुरा'वर खलाशी होता, महिपतच्या हाताखाली तयार झालेला. दर्यात खडकांच्या कुशीत एक ठाव होता, मासळीचा ठरलेला अड्डा, महिपतच्या बापानं शोधलेला. एका हंगामात त्या ठावावर दुसऱ्याच बोटी जाळी टाकताना दिसल्या. महिपतला संशय आला, ठाव बाहेर फोडला तो विनोदनं. त्यानं त्याला भर धक्क्यावर, दहा माणसांसमोर, वळकटी नि डब्यासकट बोटीवरून उतरवला. विनोद वळकटी उचलून चालता झाला. पुढं त्यानं दुसऱ्या बोटीवर काम केलं, स्वतःची बोट घेतली, चेअरमन झाला. आणि त्या प्रकारानंतर दोन वर्षांनी महिपतला त्या ठावाबद्दल एक गोष्ट कळली, ती त्यानं गंगालासुद्धा कधी सांगितली नाही.

सोमवारी महिपत काठी टेकत धक्क्यावर गेला. पाच-सहा जण फोनभोवती जमले होते, हसत होते. तो जवळ येताच हसणं बंद. एकानं खाकरल्यासारखं केलं, दुसरा म्हणाला, "काय नाय तात्या, भाव बगत होतो." भाव बघून आजवर कातळबंदरात कुणी हसलेलं नव्हतं. पुढं चहाच्या टपरीवरही तेच. मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "रविवारपर्यंत तोंड बंद ठेवा रे."

झालं. यादीतून आपला सात नंबर उडवलाय, हे महिपतनं तिथंच ताडलं. त्याला घरी जायची वाट सुचेना.

मंगळवारी दुपारी त्यानं साइट उघडली. बाई म्हणाली, "प्रवेश करा, बटण." त्यानं दोनदा टिचकी मारली आणि हातातून फोनच सुटायचा बाकी राहिला. ढोल, ताशे, झांजा, माणसांचा कल्ला! बाईचे ओठ जणू कुणी दाबून धरले. बोट फिरवलं तर तिची किरकिर खालून कुठून तरी येई, पण शब्द लागेना. आवाज कमी करावा, तर त्या जुन्या फोनात ताशाचा आणि बाईचा आवाज एकाच दोरीला बांधलेला. ताशा गेला की बाईही गेली. बंद करायचं बटण शोधलं. ढमाढमातून कसंबसं ऐकू आलं ते एवढंच: "बटण." त्याच्या शेजारी, "बटण." आणखी पुढं, "बटण." कशाचं बटण हे बाईला ठाऊक नव्हतं. एक दाबलं तर व्हिडिओनं अख्खा पडदाच व्यापला आणि यादी गडप झाली.

"गंगा!" तो ओरडला. "बग गो, ह्या काय वाजतंय."

गंगा हात पुसत आली. तिनं फोन हातात घेतला, आणि महिपतला स्पष्ट ऐकू आलं, की तिचा श्वास एक क्षण थांबला.

"काय हाय?"

"काय नाय," ती म्हणाली. "दर्या हाय. बोटी नाचतायत. नुसती लखलख, डोळ्याला तरास होतो."

"नि खाली? यादी?"

"बारीक अक्षर हाय ता. माझ्या चष्म्याची एक काडी मोडलीय, मला नाय दिसत."

चष्म्याची काडी मोडली होती हे खरं होतं. पण छत्तीस वर्षं ज्या बाईबरोबर संसार केला तिचा खोटा स्वर महिपतला कळणार नाही? ती आत गेली आणि चुलीपाशी स्वतःशीच हसली, तेही त्यानं ऐकलं. बाहेरचे तर बाहेरचे, घरातलं माणूससुद्धा फितूर. विनोदनं बारा वर्षांनी उट्टं काढलं, आणि तेही असं, की आंधळ्यानं यादी वाचू नये म्हणून वर ताशा बसवला. याहून सरळ हिशेब त्याला दिसत नव्हता.

पण महिपत हार मानणारा नव्हता. बुधवारी दुपारी तो पडवीत जाळं घेऊन बसला, फोन मांडीवर, आणि व्हिडिओ वाजू दिला. दोनदा, तीनदा, चारदा. वल्ह्याला कान लावावा तसा तो ऐकत राहिला. व्हिडिओ संपला की लगेच पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा, पण मध्ये एक फट होती. ताशाचा शेवटचा टोला पडायचा, मग दोन श्वासांएवढी शांतता, मग पुन्हा गोंधळ. त्या फटीत बाईला बोलायला जागा होती.

मग त्यानं पद्धत बसवली. गोंधळ चालू असताना हात जाळ्यावर. पंधरा-सोळा गाठी होईतो फेरी संपायची. शेवटचा टोला आला की बोट पडद्यावर. एका फटीत एक शब्द, फार तर एक नाव. शांतता वाया जाऊ नये म्हणून तो टोल्याच्या बरोबरीनंच बोट फिरवायचा, त्यामुळे पहिलं अक्षर ताशा खाऊन टाकायचा. त्याचं त्याला काही वाटलं नाही. गावातली नावं, पहिलं अक्षर नसलं तरी ओळखू येतात.

एका फेरीला एक नाव, दुसऱ्या फेरीला त्या नावापुढचा शेरा. पहिला नंबर, दुसरा, तिसरा. शेरा प्रत्येक वेळी "…याशील" असा काहीतरी यायचा. पुढची फेरी, पुढचं नाव. मधूनच त्याला त्या गोंगाटाच्या तळाशी आणखी काहीतरी ऐकू येई, ओळखीचं, पण ताशा ते लगेच पुसून टाकायचा. तिकडे लक्ष द्यायला त्याला वेळ नव्हता.

सातव्या नावाची फेरी आली. टोला पडला, बोट फिरलं, बाई म्हणाली, "…हिपत धाकू डोर्लेकर."

नाव होतं! पुढच्या सोळा गाठी त्यानं कशा मारल्या ते त्यालाच ठाऊक. दोन तर नंतर उसवाव्या लागल्या. टोला. बोट. बाई म्हणाली, "क्रियाशील."

महिपतनं जाळं बाजूला ठेवलं. "गंगा, नाव हाय गो! क्रियाशील हाय मी!" तो ओरडला, आणि गंगानं आतून "अग्गोबाई, मग!" असं म्हटलं, जणू तिला त्यात कधी शंकाच नव्हती. त्यानं चहा मागितला. चहात साखर नेहमीइतकीच आहे का, हेसुद्धा त्यानं विचारलं नाही.

दुसरा कुणी असता तर तिथंच थांबला असता. पण चांगली बातमी कुणी फुकट देत नाही, ही महिपतची जन्माची शिकवण. कप खाली ठेवल्यावर त्याच्या मनात आलं, बघूया पुढं कोण कोण आहे. फेरी आली, टोला पडला. "…दू गोविंद मयेकर." पुढची फेरी. "क्रियाशील."

दादू मयेकर! दादू जाऊन दोन वर्षं झाली होती. महिपतनं त्याला खांदा दिला होता, तिरडीची गाठ सैल आहे म्हणून वाटेत दोनदा थांबवलंही होतं. आता दादू वर जाऊन कुठल्या दर्यात जाळं टाकत होता, की सोसायटीनं त्याला क्रियाशील ठरवला?

त्यानं सगळं पुन्हा मनात मांडलं. ताशा पहिलं अक्षर खातो. महिपतचा 'हिपत' झाला, दादूचा 'दू' झाला. मग पहिल्या सहांचा शेरा 'याशील' का झाला? कारण त्यातला 'क्रि' ताशानं खाल्ला. ते खरे क्रियाशील. आणि आपल्या शेऱ्यात 'क्रि' जर शाबूत राहिला, तर ताशानं खाल्लं काय? त्याच्याआधीचं अक्षर.

"अ," महिपत मोठ्यानं म्हणाला.

अक्रियाशील. म्हणजे सभेत हात वर करायचा हक्क गेला. तो आणि मेलेला दादू, एका रांगेत.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. नजर गेली तेव्हा डॉक्टरसमोर आलं नव्हतं, ते आता आलं. तो रडतोय हे गंगाला कळू नये म्हणून त्यानं व्हिडिओ वाजत राहू दिला. त्याचा तेवढा एक उपयोग झाला.

गुरुवारी सकाळी त्यानं सानिकाला फोन करून बोलावलं. ती दुकानात अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली. साइट तिच्याच दुकानात बनली होती हे महिपतला ठाऊक होतं, त्यामुळे तिला त्यानं पाणीसुद्धा विचारलं नाही.

"तू केलंस ह्या?"

"मी केलं, काका," ती म्हणाली.

"आंधळा काका घरात असताना?"

सानिका पायरीवर बसली. मग तिनं सांगितलं. अशा व्हिडिओचे नियम असतात, जगभर चालतात असे, तिनं त्याचा अभ्यासच केला होता. पान उघडल्यावर आवाज आपोआप तीन सेकंदांपेक्षा जास्त वाजत असेल तर तो थांबवायची सोय लगेच सापडली पाहिजे. खरं तर तो न विचारता वाजूच नये. चित्र आपोआप पाच सेकंदांहून जास्त हलत राहिलं तर तेही थांबवता आलं पाहिजे. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखाट नको, कुणाला फिट येऊ शकते. प्रत्येक बटणाला वाचता येईल असं नाव हवं. आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी, चित्रात काय आहे ते शब्दांत सांगायला हवं.

"मी हे सगळं कागदावर लिहून मालकांना दिलं होतं. पण सोसायटीचा निरोप आला, उघडल्या उघडल्या वाजलं पाहिजे, मिरवणूक आल्यासारखं. मालक म्हणाले, गिऱ्हाईक सांगेल तसं कर. बटणांची नावंसुद्धा, नंतर टाकू म्हणून राहून गेली." तिचा आवाज खाली गेला. "मी भांडायला पाहिजे होतं. मला तुम्ही आठवला होतात, काका. तरी मी गप्प बसले."

हे शेवटचं वाक्य तिनं सांगितलं नसतं तरी चाललं असतं. ते सांगितलं म्हणून महिपतचा तिच्यावरचा संशय थोडा सैल झाला.

"ता ऱ्हाव दे. त्या विडोत हाय काय?"

सानिकानं मान वळवून आत बघितलं. आतून गंगाच म्हणाली, "सांग गो आता. रविवारपर्यंत म्हातारा जगायचा नाय असा."

"तुम्ही आहात, काका," सानिका म्हणाली. "'मथुरा'वर. बारा वर्षांपूर्वी एका खलाशानं फोनवर काढलेलं चित्रण विनोददादांनी जपून ठेवलं होतं. रविवारी सभेत तुमचा सत्कार आहे, म्हणून सगळ्यांना गप्प राहायला सांगितलंय."

महिपत ऐकत राहिला. ताशाखालचं ते ओळखीचं म्हणजे काय होतं, ते आता त्याला कळलं. ठुक-ठुक, आणि मध्येच गिळलेला एक ठोका. स्वतःच्या बोटीचं इंजिन त्याला ओळखता आलं नव्हतं.

दुसरा कुणी विरघळला असता. महिपतचा संशय मात्र आणखी फुलला. वर सत्कार आणि खाली अक्रियाशील! शाल पांघरून गळा कापायची ही रीत त्याला फार जुनी वाटली. "लिही," तो सानिकाला म्हणाला. "हरकत. पोटनियमात लिवलेलं हाय, मासेमारी किंवा तिला पूरक काम. जाळी शिवणं पूरक नाय तर काय गणपतीची आरास हाय?" सानिकानं लिहिलं. तिनं वाचून दाखवलं, मग त्यानं फोननं कागदाचा फोटो काढून बाईकडूनही वाचून घेतलं, आणि मगच सही केली.

शुक्रवारी दुपारी तीनला गंगाचा हात धरून तो कचेरीत शिरला. आत विनोद होता आणि कारकून गौरव. खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. महिपत बसला नाही.

"माझा नाव कापलास ता कापलास," तो म्हणाला, "वर ताशा कशाला लावलास? मला ऐकू जाऊ नये म्हणून?"

बाहेर धक्क्यावर कुणीतरी बर्फ फोडत होतं.

"दुसऱ्यांदा, तात्या," विनोद म्हणाला.

दोनच शब्द. महिपतनं हातातला कागद पुढं धरला. विनोदनं तो घेतला, वाचला, मग गौरवला म्हणाला, "यादी काढ." फोनवर आधी ताशा वाजला, मग बंद झाला, डोळसांना ते बटण सापडत होतं. विनोद नावं मोठ्यानं वाचू लागला. एक, दोन, तीन. सात नंबरवर त्याचा आवाज थांबला.

"तीन वर्षं जो बोटीवर चढला नाय, त्याला अक्रियाशील टाकला," गौरव चाचरत म्हणाला. "नियमच हाय. तुमी सही केलीत, दादा."

"वाचली होतीस?" महिपतनं विचारलं. कारकुनाला नाही, विनोदला.

विनोदनं फोन खाली ठेवला. "नाय वाचली. साइट उघडली की वर तुमीच दिसता, तात्या. ता बगण्यात... खाली कोण जातो?"

"मी जातो," महिपत म्हणाला. "मला वरचं दिसत नाय."

विनोदनं हरकतीवर शिक्का मारला, पोच दिली, आणि यादीत तिथल्या तिथं दुरुस्ती करायला लावली. सानिकाच्या दुकानाला फोन करून, व्हिडिओ गप्प करा आणि ती पोरगी सांगते तसं सगळं करा, असंही सांगितलं. महिपतला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण घरी येताना त्या दोन शब्दांनी त्याची पाठ सोडली नाही.

रविवारी सत्कार झाला. महिपतनं शाल बोटांत चुरून सुती आहे की टेरिकॉट ते बघितलं, नारळ कानाशी हलवून पाणी आहे याची खात्री केली, आणि सभा खदखदून हसली. मग पहिल्या रांगेत बसून यादीच्या ठरावाला त्यानं हात वर केला. "ह्यात काय तरी काळंबेरं" एवढं म्हणून तो थांबला आणि म्हणाला, "होता. आता नाय." विनोद टाळ्या वाजवत होता. त्याच्याशी मात्र महिपत एक शब्द बोलू शकला नाही.

पुढच्या गुरुवारी सानिकाचा निरोप आला, काका, आता बघा. त्यानं पडवीत बसून साइट उघडली. प्रवेश केला. काही वाजलं नाही. त्याला वाटलं, बिघडली. मग बोट फिरवलं तर बाई शांतपणे बोलू लागली. "सभासद यादी." सात नंबर. "महिपत धाकू डोर्लेकर." म पासून र पर्यंत सगळा. "क्रियाशील." त्यानं तीनदा ऐकलं. अ कुठं लपून बसलेला नाही, याची खात्री केली.

मग त्यानं बोट वर नेलं. "व्हिडिओ सुरू करा, बटण." त्याच्या शेजारी, "थांबवा, बटण." त्याखाली आणखी एक ओळ होती, "चित्रात काय दिसते, ते वाचा." महिपतनं व्हिडिओ सुरू केला. ताशा गेला होता. 'मथुरा'चं इंजिन वाजलं, ठुक-ठुक, आणि एक ठोका गिळला. त्यानं "थांबवा" दाबलं. लगेच थांबलं.

त्यानं चित्राची ओळ उघडली, आणि पहिल्यांदाच बाईचा वेग खाली आणला. पार खाली, माणसाच्या बोलण्याइतका. किरकिर थांबली म्हणून गंगा आतून येऊन उंबऱ्यात उभी राहिली.

बाई म्हणाली, "सकाळची वेळ. तांडेल महिपत डोर्लेकर सुकाणू धरून उभे आहेत. ते दूर पाण्याकडे बघत आहेत. त्यांच्या शेजारी तरुण खलाशी विनोद, हातात दोर. विनोद पाण्याकडे बघत नाही. तो तांडेलांकडे बघतो आहे, त्यांनी हात कसा ठेवलाय ते."

"ह्या खरां हाय, की विनोदान लिवायला लावलान?" महिपतनं विचारलं.

"खरां हाय," गंगा म्हणाली. "मी बगितलंय."

तिचा स्वर खोटा नव्हता. महिपतनं फोन उचलला आणि विनोदला लावला.

"बोला, तात्या."

"तो ठाव," महिपत म्हणाला. "तू फोडला नव्हतास. त्या बोटींनी मासळी दाखवणारी मशीन बसवली होती. तिनं दाखवलान."

"मी फोडला नव्हता ता मला म्हायतच हाय, तात्या," विनोद म्हणाला. "तुमाला कधी कळलं, ता सांगा."

गंगा उंबऱ्यात उभी होती, आणि सगळं ऐकत होती.

"धा वर्षां झाली," महिपत म्हणाला.